सुपरचार्जर बसवला, पण गाडी पळेना: लॅपटॉप उघडण्याआधी काय तपासाल

सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) बसवलेली छोटी टू-सीटर दारात आली की मालकाची मागणी ठरलेली असते: "मॅप जरा नीट करून द्या." मॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातला (ईसीयू) पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता. मी लॅपटॉप बंदच ठेवतो. बेल्ट घसरत असेल, हवा निसटत असेल किंवा पेट्रोलचा दाब कमी पडत असेल, तर मॅपमधले आकडे बदलून दुखणं फक्त झाकलं जातं. पुढे कधीतरी बेल्ट बदलला की तोच मॅप इंजिनाच्या मुळावर येतो.

पहिल्यांदा बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब, दाखवणारा गेज. बूस्ट किती येतो यापेक्षा तो कसा येतो हे जास्त बोलतं. रूट्स प्रकारचा ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच) बेल्टने थेट क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) चालतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बूस्ट खालच्या आरपीएमलाच उभा राहतो आणि वरपर्यंत साधारण टिकतो. ४००० ला ६ पीएसआय (दाबाचं एकक) आणि ६००० ला ४ असं दिसलं तर बेल्ट घसरतोय असं समजून कामाला लागा. (कोंडलेला एअर फिल्टरही असंच करतो, तो आधी बघा, फुकटात सुटाल.) सगळ्याच आरपीएमला बूस्ट कमी असेल तर बायपास व्हॉल्व्ह (लोड नसताना हवा ब्लोअरभोवती परत फिरवणारा), गळती किंवा चुकीच्या मापाची पुली.

पुलीचा हिशेब सोपा आहे. क्रँक पुलीचा व्यास भागिले ब्लोअर पुलीचा व्यास. १४० मिमी आणि ७० मिमी असतील तर ब्लोअर दुप्पट फिरतो, म्हणजे इंजिन ७००० ला असताना ब्लोअर १४,००० ला. हा आकडा ब्लोअरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. बूस्ट वाढवायला लहान पुली घालणारे बरेच भेटतात, हा भागाकार करणारे कमी.

घसरणाऱ्या बेल्टच्या आसपास काळी पूड दिसते आणि त्याच्या धारा काचेसारख्या चकाकतात. लगेच टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळू नका. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. एखादी पुली जरा जरी पुढे-मागे असेल तर ताण वाढवून काही साधत नाही. मग बेल्ट ब्लोअर पुलीला किती वेढा घालतो ते पाहा. वेढा कमी असेल तर योग्य जागी आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) लागतो. नुसता ताण वाढवत गेलात तर ब्लोअरच्या नाकातलं (पुढच्या टोकातलं) आणि त्याच बेल्टवरच्या अल्टरनेटरचं बेअरिंग जातं.

माझ्दा एमएक्स-५ च्या अगदी सुरुवातीच्या, १९९१ पर्यंतच्या १.६ लिटर गाड्यांबद्दल इथे थांबून सांगायला हवं. त्यांच्या क्रँकचं पुढचं टोक आखूड आणि बोल्ट बारीक. तिथली चावी (पुली दांड्यावर अडकवून धरणारा लोखंडी तुकडा) आणि तिची खाच झिजण्याचं दुखणं सुपरचार्जर नसतानाही होतं. ब्लोअरचा बेल्ट त्यात भर घालतो. इंजिन आयडलवर ठेवून क्रँक पुलीकडे नीट बघा. ती डगमगत असेल तर तपासणी तिथेच संपली. त्याच टोकावर टायमिंग बेल्टची पुली बसते, ती सरकली की कॅमचं टायमिंग बिघडतं आणि गाडी मलूल होते. असं इंजिन घेऊन लोक ट्यूनिंगला पैसे घालतात.

बायपास व्हॉल्व्ह आयडलला उघडा असायला हवा, लोड आला की बंद. त्याची काडी डोळ्यांनी पाहा: आयडलला व्हॅक्यूमने ओढलेली दिसते, इंजिन बंद केलं की परत येते. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का तेही बघा. टिकला नाही तर डायफ्रॅम फाटलाय. उघडाच अडकला तर बूस्ट येत नाही. व्हॅक्यूमची नळी चुकीच्या जागी जोडल्याने तो कायम बंद राहिला, तर बूस्ट पुरेपूर मिळतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण सावकाश चालवतानाही ब्लोअर ओरडतो आणि हवा विनाकारण तापते.

गळती शोधायला इंजिन बंद ठेवून इनटेकच्या तोंडाशी बूच लावा, रेग्युलेटरमधून ५ पीएसआय हवा द्या, जास्त नको, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. होज निसटतात त्या बहुधा आतून तेलकट असतात. पुसून मगच क्लॅम्प आवळा. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत मीटरनंतरची गळती स्वतःच पत्ता सांगते: आयडलला मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी), बूस्टमध्ये रिच (पेट्रोल जास्त). कारण आधी न मोजलेली हवा आत शिरते, नंतर मोजलेली बाहेर जाते. डिपस्टिक वर उचलली जात असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारा) उलटा दाब क्रँककेसमध्ये सोडतोय.

पेट्रोलचा दाब गेजवर बघितल्याशिवाय पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. मॅनिफोल्डशी (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांशी) जोडलेला रेग्युलेटर असेल तर मूळ ३ बारवर जितका बूस्ट, तितकी भर पडायला हवी. ६ पीएसआयला सुमारे ३.४ बार. बूस्ट चढताना हा काटा उतरला तर पंप, फिल्टर आणि पंपाला मिळणारा व्होल्टेज तपासा. सोबत वाइडबँड सेन्सर हवाच, तो एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजतो. मूळचा नॅरोबँड सेन्सर ते प्रमाण फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. बूस्टमध्ये ११.५ ते १२ च्या दरम्यान राहा. १३ कडे सरकायला लागला की पाय उचला. ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवायचं यंत्र) करा, रहदारीत नव्हे.

फक्त बूस्टमध्ये इंजिन मिस करत असेल तर कॉइल बदलण्याआधी प्लग काढा. एमएक्स-५ चा मूळ गॅप १.१ मिमीच्या आसपास. दाबलेल्या हवेत ठिणगी तेवढं अंतर पार करत नाही. ०.७ मिमी करा, प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या.

आयडलला ब्लोअरच्या नाकातून खडखड येते आणि रेस दिली की थांबते, तो बहुधा आतला कपलर (पुली आणि रोटर जोडणारा तुकडा). बदलता येतो.

एवढं निस्तरल्यावर लॅपटॉप उघडा. ठिणगीच्या टायमिंगसाठी प्रत्येक पीएसआयला एक अंश मागे, हा फक्त सुरुवातीचा अंदाज. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकत पुढे जा. पण पहिल्या लॉगमध्ये मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, वरच्या मॅपशी संबंध नाही) रेषा शोधा. १ बारचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट चढतोय आणि रेषा १०० केपीएच्या (म्हणजे १ बारच्या) आसपास सपाट, असं दिसलं तर ईसीयूला बूस्टचा पत्ताच नाही, आधी २.५ बारचा सेन्सर बसवून ईसीयूत त्याचं कॅलिब्रेशन भरा, मग मॅपला हात लावा.