डिस्क-पॅड घरी बदलताय? आधी हब घासा

नवीन डिस्क टाकल्या, नवीन पॅड टाकले, आणि काही महिन्यांत ऐंशीच्या वेगाला ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरतं. यावर आपल्याकडचं निदान ठरलेलं आहे: "कसारा घाट उतरताना डिस्क तापल्या आणि वाकल्या." मग लेथवर घासून आणायच्या, थोडे दिवस बरे जायचे, पुन्हा तेच रडगाणं. रस्त्यावरच्या ब्रेकिंगने बिडाची डिस्क इतकी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा दोष असतो डिस्कच्या मागे, हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर. हा लेख मुख्यतः त्याच टप्प्याबद्दल आहे. बाकीचं काम चाक बदलता येणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे.

गाडी सपाट जागी, स्टँडवर, टेकू लावून उभी करता येते असं धरून चालतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालणार असाल तर पुढे वाचूच नका. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट कसणारा पाना, हवाच. "अंदाजाने कसतो, हात बसलाय" हे ब्रेकच्या बाबतीत ऐकून घेणार नाही. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू एकदम बदलायच्या, पण उघडायच्या एकामागून एक, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघता येते.

कॅलिपर

कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग. तो साधा सरकता असेल तर मागचे दोन बोल्ट काढले की सुटतो. चार पिस्टनचा फिक्स्ड कॅलिपर असेल तर पिना ठोकून पॅड वरूनच निघतात, तरी डिस्कसाठी तो उतरवावा लागतो. उतरवलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅडची सेन्सर वायर असेल तर आधी ती सोडवा.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर ते बॉनेटखाली सांडतं आणि रंग खातं. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घ्या. तिथे क्लँप लावून जबरदस्ती केली तर मोटर बसते आणि डिस्कपेक्षा कितीतरी महाग पडते. काही जुन्या गाड्यांत मागचा पिस्टन दाबायचा नसून फिरवत आत घालायचा असतो.

अडकलेली डिस्क

डिस्कला धरणाऱ्या छोट्या स्क्रूवर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरा. साध्या पान्याने त्याचं डोकं गोल होतं आणि मग तो ड्रिल करून काढत बसावं लागतं. डिस्क गंजून हबला चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने कसा, डिस्क आपोआप सुटते. घणाचे घाव घालून बेअरिंगचं वाटोळं करू नका.

हब: इथे घाई करायची नाही

आपल्याकडे बऱ्याच गाड्या पावसाळाभर कव्हरखाली उभ्या असतात. न चालणाऱ्या गाडीचा हब जोरात गंजतो आणि गंजाचे पापुद्रे डिस्क जिथे टेकते तिथेच धरतात. नवीन डिस्क त्या पापुद्र्यावर बसवली की ती तिरपी बसते. हबचा व्यास १४० मिमी धरा आणि त्याच्या कडेला ०.०५ मिमीचा कण अडकलाय असं समजा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ३२० मिमी डिस्कच्या बाहेरच्या कडेला तोच फरक ०.१ मिमीच्या वर जातो. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते. म्हणजे एका कणात खेळ खलास.

फसवणूक अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ब्रेक न लावताही तिरपी डिस्क दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासत राहते. तिथली जाडी हळूहळू बदलते, आणि शे-दोनशे नव्हे तर काही हजार किलोमीटरनंतर पॅडल थडथडायला लागतं. तोवर आपण हब विसरलेलो असतो. लेथवर घासलेली डिस्क त्याच गंजावर परत चढवली तर दुसरं काय होणार?

तर, वायर ब्रशने आणि जाड हिरव्या स्क्रबरने हब धातू चमकेपर्यंत साफ करा. ग्राइंडर लावू नका, तो गंजाबरोबर हबही खातो. बोल्टच्या प्रत्येक भोकाच्या काठावरून बोट फिरवा. आट्यांजवळ धातू किंचित वर आलेला असतो. ते उंचवटे बारीक कानशीने सपाट करा आणि स्टीलची पट्टी आडवी धरून उजेड येतो का पाहा. मधल्या उंच गोलावर अँटी-सीझचा (गंजून चिकटू नये म्हणून लावायच्या ग्रीसचा) पुसट थर चालेल. सपाट तोंडावर मात्र काहीच नको. "थोडं कॉपर ग्रीस लावून टाक, पुढच्या वेळी निघायला सोपं" असं सांगणारा तुम्हाला पुढच्या वेळची तयारीच करून देतोय.

आता डिस्कचा तिरपेपणा मोजा. त्याला डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं सुईचं मापयंत्र लागतं. नाशिकमध्ये ते मिळत नाही ही सबब चालणार नाही. सातपूर-अंबडच्या कुठल्या ना कुठल्या टूलरूममध्ये तुमचा कोणीतरी मित्र, मेहुणा, शेजारी असतोच. त्याच्याकडून शनिवारी डायल आणि मॅग्नेटिक स्टँड मागून आणा. डिस्क चाकाच्याच बोल्टांनी, खाली वॉशर घालून, समोरासमोरच्या क्रमाने सारखी कसा. वॉशर नसतील तर बोल्ट आत जास्त घुसून मागे टेकतात. डायलचं टोक कडेपासून १० ते १५ मिमी आत ठेवा आणि डिस्क हाताने सावकाश फिरवा.

आकडा जास्त आला तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. हबचा आणि डिस्कचा तिरपेपणा एकमेकांना भरून काढणारी जागा बहुधा सापडते. त्या जागी छोटा स्क्रू बसत नसेल तर राहू द्या, तो जोडणीच्या सोयीसाठी असतो. डिस्क धरतं चाक आणि त्याचे बोल्ट. सगळ्या जागा बघूनही आकडा उतरत नसेल तर डायल हबवरच लावा, मग खोट बेअरिंगची की डिस्कची ते कळतं.

जोडणी

डिस्कच्या आतल्या, हवा खेळवणाऱ्या पाती वळणदार असतील तर डावी-उजवी वेगळी असते. डिस्कच्या वरच्या भागात पातीचं बाहेरचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेलं हवं. डिस्कच्या तोंडावरच्या चरांची दिशा बघून ठरवू नका. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाइड पिनला सिलिकॉन ग्रीस, पॅडच्या कानांना सिरॅमिक, पुसटसं. कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमध्ये 'नवीन वापरा' म्हटलं असेल तर नवीनच. टॉर्क मॅन्युअलमधला. चाकांचे बोल्टही रेंचनेच कसा. हवेच्या गनने कसल्यास कमी-जास्त ताण बसतो आणि हबवरची सगळी मेहनत वाया जाते.

गाडी हलवण्यापूर्वी पॅडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते जमिनीला लागतं.

नवीन पॅड रुळवणं

पॅडच्या खोक्यावर पद्धत छापली असेल तर तीच पाळा. नसेल तर ऐंशीवरून वीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे चालवत थंड होऊ द्या, आणि पूर्ण थांबू नका. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा ठसा उमटतो. हे कुठे करायचं? गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघालेली माणसं असतात, गिरणाऱ्याकडे हंगामात टोमॅटोचे पिकअप. त्र्यंबक रोडवर अंजनेरीच्या अलीकडे पहाटे मोकळा पट्टा मिळतो, श्रावणी सोमवार सोडून. घरी आल्यावर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये उभी करा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि डिस्क गार होईपर्यंत पाण्याचा पाइप लांब ठेवा. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा.