जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट
विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट (अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 4 जीबी रॅमचा लॅपटॉप म्हणून भंगारात नको. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली; तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यावर बरी चालते.

मिंट बसवायची फाइल सुमारे 3 जीबीची. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेलात की उतरवून घ्या. रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामने ती फाइल 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यातलं सगळं पुसलं जातं. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ (लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज पुरतं बंद न होण्याची सोय) बंद करा, नाहीतर मिंटमधून डी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही. मग लॅपटॉप सुरू होताना एफ12 (कुठे एफ9, कुठे एस्केप) दाबून पेनड्राइव्हवरून चालू करा आणि काही न बसवता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या.

सगळं चाललं की मिंट बसवा. त्यात पार्टिशन (डिस्कचे भाग) होताना लाइन गेली तर डेटा जाऊ शकतो. बॅटरी दमदार हवी. सातबारे, कापसाच्या काटापट्ट्या आधी दुसरीकडे ठेवा.

खरी डोकेदुखी कृतिदेव या जुन्या टायपिंग फॉन्टची. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फॉन्टची फाइल उघडून बसवा. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे तो फॉन्ट नसला तरी मराठीच दिसेल.

सेतू केंद्र चालवत असाल तर ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का ते आधी बघा. चालत नसेल, तर तो एक संगणक विंडोजवरच राहू द्या.