मशीनची हुशारी छापा-काट्यावर तपासा

तुम्ही मनात छापा नाहीतर काटा धरायचा, प्रोग्रामने ओळखायचा, पण त्याचा अंदाज तुम्ही सांगायच्या आधी फाइलमध्ये पडलाच पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. असे 200 डाव खेळा. नुसत्या नशिबाने 100 च्या आसपास बरोबर येतात, 114 च्या वर गेला तर बहुतेक तुमची सवय पकडलीय. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1953 साली असंच मशीन केलेलं, ते फक्त मागचे दोन डाव कोण जिंकलं आणि मधे तुम्ही बाजू बदललीत का एवढंच बघायचं, आणि तेवढ्यावर माणसं हरायची! मग खरं नाणं उडवून परत 200 डाव. इथे गेम थिअरीप्रमाणे, म्हणजे डावपेचांच्या गणिताप्रमाणे, कितीही हुशार प्रोग्राम निम्म्यावरच अडकतो, तरी भरपूर जिंकला तर कोडमध्ये उत्तर लीक होतंय का, म्हणजे अंदाजाआधीच ते प्रोग्रामला कळतंय का, ते आधी शोधा.