सम-विषम ओळखणारी कीटकांची वसाहत: मुद्दाम अवघड केलेला प्रोग्राम कसा लिहावा

संख्या सम आहे की विषम, हे दोनाने भागून बाकी पाहिली की लगेच कळते. तेच काम लोकसंख्यावाढीच्या गणिताकडून करून घेणे हा निखळ आनंदाचा उद्योग आहे. मात्र भागाकाराची बाकी कुठेही वापरायची नाही आणि उत्तर दर वेळी बरोबरच आले पाहिजे, ही अट पाळावी.

बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेले लोकसंख्यावाढीचे मूळ समीकरण वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मुळीच ऐकू नये, कारण त्यातली लोकसंख्या कमाल मर्यादेपर्यंत चढते आणि तिथेच स्थिरावते. आपल्याला आळीपाळीने वाढणारी आणि घटणारी लोकसंख्या हवी आहे. त्यासाठी एक पिढी संपल्यावरच दुसरी जन्मणाऱ्या कीटकांना लागू पडणारे, शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांच्या १९७६ च्या लेखामुळे प्रसिद्ध झालेले रूप घ्यावे:

पुढची पिढी = दर × आताची पिढी × (१ − आताची पिढी)

इथे पिढी म्हणजे कमाल मर्यादेच्या तुलनेत असलेली लोकसंख्या, अर्थात ० ते १ मधला अपूर्णांक; दर म्हणजे वाढीचा दर. दिलेल्या संख्येचे ऋण चिन्ह काढून टाकावे आणि तितक्या वेळा हे सूत्र लूपमध्ये चालवावे. शेवटची पिढी एका ठरावीक आकड्याच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, वर आहे की खाली, यावरून उत्तर ठरवावे.

खरी कसोटी दर आणि आरंभीची लोकसंख्या निवडण्यात आहे, आणि माझाही सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर गेला. दर २.८ ठेवल्यास हेलकावे हळूहळू विरतात, त्यामुळे लहान संख्यांची उत्तरे बरोबर येऊनही मोठ्या संख्यांवर प्रोग्राम फसतो. दर ४ ठेवल्यास सगळे बेबंद होते: सलग दोन पिढ्याही उंबरठ्याच्या एकाच बाजूला पडू शकतात आणि सम-विषमाचा मागमूस उरत नाही. दर ३.५ ला चार आकडे फिरून फिरून येतात. उत्तर तरीही मिळते, पण त्या गुंत्याने काहीच साधत नाही. माझे ठाम मत ३.२ च्या बाजूने आहे. या दराला लोकसंख्या सुमारे ०.५१३ आणि ०.७९९ या दोनच आकड्यांमध्ये झुलते, आणि गणनेतल्या बारीक चुका साचण्याऐवजी विरून जातात.

उंबरठा म्हणून १ − १/दर, म्हणजे ०.६८७५, घ्यावा. नेमक्या याच आकड्यापासून सुरुवात मात्र कधीही करू नये, कारण तो समतोलाचा बिंदू असल्याने लोकसंख्या पुढे कित्येक पिढ्या जागची हलत नाही.

‘आरंभ कुठूनही करा, शेवटी सारखेच होते’ हा सल्ला तर सर्वांत घातक आहे. दोनच आकडे येतात हे खरे, पण कोणता कोणाच्या वाट्याला येईल, हे आरंभ ठरवतो. ०.२ पासून निघाल्यास विषम पिढ्या खालच्या आकड्यावर उतरतात, तर ०.१ पासून निघाल्यास त्या वरच्या आकड्याकडे जातात. शिवाय दुसऱ्या बाबतीत पहिलीच पिढी ०.२८८ येत असल्याने १ ही संख्या सम ठरते. आरंभ ०.५ ठेवावा. मग पहिली पिढी ०.८, दुसरी ०.५१२, आणि तिथून पुढे उंबरठ्याच्या वर विषम व खाली सम, हा क्रम मोडत नाही.

०, १, २, −७ आणि १००१ देऊन तपासणी करावी. दहा अंकी संख्येला पायथनमध्ये बराच वेळ लागतो. तो वाचवण्यासाठी फक्त शेवटचा अंक तपासण्याची पळवाट घालू नये, कारण मग सगळे काम तो अंकच करतो आणि वसाहत निव्वळ शोभेची उरते.