पत्रकारांच्या परिषदेला पहिल्यांदाच जाताय? इंदूरहून थोडं अनुभवाचं

इंदूरमध्ये पत्रकारिता शिकणारी मराठी मुलं थंडीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात, ‘ताई, अमुक परिषद आहे, जाऊ का? फी वसूल होईल का?’ मी आधी निमंत्रणपत्रिका मागवून घेते. तिच्यावर विषयांपेक्षा सत्कारमूर्तींची नावं जास्त असतील, तर पैसे भरायची गरज नाही. तासभर डोकावून यावं, ओळखीचे चेहरे भेटतात. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, उशिरा येणारे प्रमुख पाहुणे आणि पत्रकारितेच्या सुवर्णकाळाच्या आठवणी, यातच दुपार उलटते.

असे समारंभ बहुधा ठरलेल्या तारखांच्या आसपास होतात. 30 मे हा हिंदी पत्रकारिता दिन, कारण 1826 साली त्या दिवशी कलकत्त्यात ‘उदन्त मार्तण्ड’ हे पहिलं हिंदी वृत्तपत्र निघालं. 21 एप्रिलला जनसंपर्कवाल्यांचा दिवस. 16 नोव्हेंबरला राष्ट्रीय पत्रकारिता दिन, 1966 साली प्रेस कौन्सिलचं काम सुरू झालं त्याची आठवण म्हणून. आणि आपल्या मराठी मंडळींचा 6 जानेवारी, ‘दर्पण’चा. या तारखा माहीत असल्या की महिनाभर आधीपासून कान टवकारता येतात.

विद्यापीठातल्या परिषदा निराळ्या. तिथे शोधनिबंध वाचायचा असतो, गोषवारा आधी पाठवावा लागतो आणि पुढे प्राध्यापकी करायची असेल तर त्याचा उपयोग आहे. बातमीदारीत जायचं असेल तर माझं सरळ मत असं की पहिली निवड कार्यशाळेची करा. लॅपटॉप उघडून आकडेवारी साफ करायची, फोटो खरा की बनावट ते तपासायचं, एखाद्या व्हिडिओतली जागा नकाशावर शोधायची, असं हाताने करायचं काम तिथे असतं. माणसं कमी असतात, शिकवणारा तुमच्या स्क्रीनपाशी येऊन उभा राहतो. मोठ्या सभागृहातल्या पंधराव्या रांगेपर्यंत तो कधीच पोचत नाही.

फीचं म्हणाल तर विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे आयोजकांना फोन करून विचारा. पत्रिकेवर छापलेली नसली तरी पुष्कळदा मिळते. नाहीतर स्वयंसेवक व्हा. पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं काम कोणालाच नको असतं, ते मागून घ्या. आपला विमानतळ शहराच्या एका टोकाला, आणि मोठे कार्यक्रम बहुधा विजयनगरकडे. सुपर कॉरिडॉर, मग एमआर 10 रस्ता, असं जाईपर्यंत दिल्ली-मुंबईचा संपादक तुमच्या शेजारी निवांत बसलेला असतो. सभागृहात त्याच्याभोवती गराडा पडतो, गाडीत फक्त तुम्ही. मी विद्यार्थिनी असताना असंच एका ज्येष्ठ बातमीदाराला आणायला गेले होते, आणि सरकारी कागद कसा वाचायचा हे त्या रस्त्यात जितकं कळलं तितकं पुढच्या दोन दिवसांच्या भाषणांत कळलं नाही.

पण गाडीत बसून बोलणार काय? सगळी गोम इथेच आहे. ‘सर, मला पत्रकार व्हायचंय, काही मार्गदर्शन करा’ हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. तुमच्याकडे स्वतःची एक बातमी हवी. छापून आलेलीच हवी असं नाही. अर्धवट असली, कागद गोळा करणं चालू असलं तरी हरकत नाही.

इंदूरला आलेला बाहेरचा पत्रकार स्वच्छतेबद्दल विचारतोच. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले, हे त्याला ठाऊक असतं. तेच त्याला परत ऐकवू नका. रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. आज त्यात प्रत्यक्ष किती कचरा जातो, वायू कोण घेतो, कचरा वेगळा करणाऱ्या हातांना काय मिळतं, यातल्या एका जरी प्रश्नामागे तुम्ही लागला असाल तर समोरचा सावरून बसतो. किंवा कान्ह नदी घ्या. इंदूरचं सांडपाणी पोटात घेऊन ती उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, आणि 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. ही बातमी इंदूरची राहत नाही, देशाची होते. दोन्ही टोकांना जाऊन पाण्याजवळ राहणाऱ्यांशी बोलून ठेवलंत, तर परिषदेत तुमची ओळख ‘ती कान्हवाली मुलगी’ अशी होते. व्हिजिटिंग कार्डापेक्षा ही बरी.

मराठी घरातल्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे, त्याची त्यांना फारशी जाणीव नसते. आपल्या मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला केळी, पलीकडे महाराष्ट्रात जळगावला केळी. भाव, विमा, रोग, मजूर, सगळं एकमेकांत गुंतलेलं, आणि बातम्या मात्र राज्याच्या सीमेपाशी थांबतात. इकडचे कागद हिंदीत, तिकडचे मराठीत. दोन्ही सहज वाचणारा माणूस पुण्या-मुंबईच्या संपादकाला हवा असतो. इंदूरला ही परंपरा आहेच. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे हिंदीतले नावाजलेले संपादक इंदूरच्या ज्या ‘नईदुनिया’तून पुढे दिल्लीला गेले, त्याच्या संपादकपदी राहुल बारपुते होते, म्हणजे मराठी घरातला माणूस हिंदी दैनिक चालवत होता.

प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करायचा असेल तर प्रश्न आधी लिहून ठेवा. आपल्याकडे माईक हाती आला की ‘मैं सवाल नहीं, एक टिप्पणी करना चाहूँगा’ म्हणत दहा मिनिटं खाणारे काका प्रत्येक सभागृहात असतात, आणि सगळे त्यांना घाबरून असतात. तुम्ही नाव सांगा, एक प्रश्न विचारा, बसा. ‘पत्रकारितेचं भवितव्य काय?’ याला उत्तर नाही. ‘माहितीच्या अधिकारात अर्ज केला, 30 दिवसांत उत्तर आलं नाही, अपील करताना तुम्ही बातमी थांबवून ठेवता की उत्तर न मिळाल्याचीच बातमी करता?’ याला आहे. त्यासाठी वक्त्याच्या अलीकडच्या दोन-तीन बातम्या आदल्या रात्री वाचा. एवढं केलेलं सभागृहात फार थोडे सापडतील.

चहाच्या वेळी ऐकलेलं छापायचं की नाही, हे मात्र नीट समजून घ्या. काही बंद दाराच्या सत्रांना लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेचा नियम लावलेला असतो. 1927 पासूनचा हा नियम सांगतो की माहिती वापरा, पण ती कोणी सांगितली आणि तिथे कोण होतं हे उघड करू नका. जिथे काहीच जाहीर केलेलं नाही तिथे ‘हे तुमच्या नावाने लिहू का?’ असं तोंडावर विचारा. जनसंपर्कवाल्यांच्या परिषदेत भेटवस्तूंची पिशवी मिळते. वही-पेन ठेवा; हॉटेलचं व्हाउचर वगैरे असेल तर हसून परत करा. त्याच कंपनीवर उद्या लिहायची वेळ येऊ शकते. जनसंपर्कातच नोकरी करायची असेल तर हिशेब वेगळा, तेव्हा त्यांचा माणूस बातमीदारांशी कसा बोलतो ते पाहत बसा.

कपडे साधे, नीटनेटके, एसीसाठी ओढणी किंवा जॅकेट, पॉवर बँक. बस.

संध्याकाळी लगेच घरी पळू नका. बाहेरच्या पाहुण्यांना सराफ्यात जायचंच असतं. सोन्याची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागल्या की भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू (तळलेला कंद) खाऊ घाला. मंचावर लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर बोललेली माणसं इथे पगारावर बोलतात. कुठल्या पेपरात पैसे वेळेवर मिळतात, स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदाराला, बातमीमागे काय देतात, कुठल्या डेस्कवर मुलींना रात्रपाळीनंतर गाडी मिळते, हे विचारायची जागा हीच. (झोप कमी होते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं सत्र तसंही उशिरा सुरू होतं.)

परिषद संपली की दोन दिवसांच्या आत मेल करा. कुठे भेटलो, काय बोललो आणि तुमची बातमी काय आहे, एवढं दहा-बारा ओळींत लिहा. बायोडेटा मागितला तरच जोडा. रोज ‘गुड मॉर्निंग’ पाठवून कोणाच्या लक्षात राहायला जाऊ नका. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नाही. बातमी दुसरीकडे न्यावी. आणि ‘पाठव’ असं उत्तर आलं, तर किती शब्द हवेत आणि मानधन किती ते विचारून घ्या, मग परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून तुम्हाला खरोखर जमेल तीच तारीख कळवा.