रिपोर्टचं पान बदललंय? विक्रीचा आकडा असा जुळवून घ्या

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे माग आहेत आणि घरातलं ऑनलाइन दुकान मी बघते. चादरी, टॉवेल, नॅपकिन. सासऱ्यांचा रोजचा प्रश्न एकच, "आज किती गेलं?" आधी मोबाइलवर पहिल्याच पानावरचा आकडा वाचला की झालं. आमचं दुकान ज्या प्लॅटफॉर्मवर चालतं त्याने विक्रीचा रिपोर्ट नव्याने मांडल्यापासून या साध्या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात. ओळखीतल्या काही दुकानदारांनी वैतागून रिपोर्ट बघणंच सोडलंय. वैताग रास्तच आहे. न विचारता कुणी गल्ला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला तर माणूस चिडेलच की. पण बघणं सोडून चालत नाही, म्हणून मी कसं जुळवते ते सांगते.

सगळ्यात आधी जुने रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा. जुनं पान अजून उघडत असेल तर आजच. महिनावार विक्री, मालवार विक्री आणि ऑर्डरींची संपूर्ण यादी, एवढं पुरे. रंगीत आलेख कामाचे नाहीत, एक्सेलची फाइल हवी.

मग मागच्या महिन्यातला एखादा शांत दिवस निवडा, मोजक्याच ऑर्डरींचा. त्या दिवसाची बिलं समोर घ्या आणि नव्या रिपोर्टमध्ये तोच दिवस उघडा. आकडा जुळणार नाही, पण का जुळत नाही ते लगेच कळेल. समजा, ८०० रुपयांची एक चादर गेली. १० टक्के सूट दिली, राहिले ७२०. त्यावर ५ टक्के जीएसटी ३६. पार्सलचे करासकट ६३. गिऱ्हाइकाने दिले ८१९. आता 'विक्री' म्हणजे ८००, ७२० की ८१९? तिन्ही खरे आहेत. जुनं पान एक दाखवत होतं, नवं दुसरं दाखवतं, आणि वर नाव मात्र तेच. आपल्याला कुठला हवा ते एकदाच ठरवा. मी ७२० धरते, कारण कर सरकारचा आणि पार्सलचे पैसे कुरिअरचे.

यानंतर परत आलेला माल. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीचं प्रमाण मोठं, त्यामुळे इथे फरक चांगलाच पडतो. एखादी ऑर्डर जानेवारीत गेली आणि पार्सल फेब्रुवारीत परत आलं, तर काही रिपोर्ट ती रक्कम जानेवारीतून वजा करतात, काही फेब्रुवारीतून. पहिल्या पद्धतीत मागच्या महिन्याचा आकडा आज एक आणि पंधरा दिवसांनी वेगळाच दिसतो, आणि माणसाला वाटतं सिस्टिम बिघडली. तुमचा रिपोर्ट कुठली पद्धत वापरतो ते एका परत आलेल्या ऑर्डरवरून तपासा.

तारखेचा घोळ वेगळाच असतो. सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, ते बघा. तो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर रिपोर्टचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतरच्या ऑर्डरी आदल्या तारखेला जातात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असेल तर दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता तारीख बदलते, म्हणजे आपली सगळी सकाळ 'काल'मध्ये! गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये (दुकानाच्या पानावर किती लोक, कुठून आले ते मोजणारं साधन) हा झोन बदलता येतो, पण बदल पुढच्या नोंदींनाच लागू होतो.

गुगलचं हे साधन जोडलेलं असेल तर अजून एक सेटिंग बघाच. त्यातल्या एक्सप्लोरेशन, म्हणजे आपल्याला हवे तसे रिपोर्ट बनवायच्या, विभागासाठीचा तपशीलवार डेटा मुळात २ महिनेच राहतो. फुकटच्या खात्यातही तो १४ महिन्यांवर नेता येतो. चादर हा थंडीचा माल. मागच्या थंडीशी ताडायचं तर २ महिन्यांत काय होणार?

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक बहुधा 'डायरेक्ट' म्हणून दिसतं, म्हणजे कुठून आलं ते कळत नाही. लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी खूण, लावा आणि स्पेलिंग दर वेळी एकच ठेवा. इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तिथे वेगळी मोजली जातात. किती लोक आले या आकड्यावर मात्र फार जीव टाकू नका. एकच बाई दुपारी टॉवेल बघून जाते आणि रात्री परत येते. 'सेशन' म्हणजे भेटी दोन होतात, 'युजर' म्हणजे माणूस एकच. शंभर भेटींमागे किती ऑर्डरी, हे प्रमाण सेशनने भागलं की युजरने, त्यावर बदलतं.

आता खरी गोम. नव्या पानावर 'मागच्या वर्षाशी तुलना' असं ऐटीत बटण आहे. ते इंग्रजी तारखा ताडतं, आपले सण त्याला ठाऊक नाहीत. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. त्या दोन ऑक्टोबरांची तुलना करून 'विक्री वाढली' म्हणणं म्हणजे निव्वळ फसगत. टॉवेलचं तर त्याहून अवघड. टॉवेल-टोपीचा आहेर लग्नसराईवर चालतो, आणि २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या काळात लग्नं नसल्यातच जमा, तरी रिपोर्ट लाल बाण दाखवून आपल्याला घाबरवणार. मी तारखा हाताने टाकते: दिवाळीआधीचे तीन आठवडे या वर्षीचे आणि मागच्या वर्षीचे. लग्नसराईसाठी कालनिर्णय उघडून मुहूर्त बघते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तेवढे सोपे, दर वर्षी त्याच सुमाराला येतात.

एवढं करून झालं की स्वतःची एक शीट ठेवा. दर सोमवारी ऑर्डरींची यादी उतरवायची. रकाने: ऑर्डरची तारीख, माल, नग, सूट वजा करून उरलेली रक्कम, पिनकोड, पैसे आधी की दारात, परत आल्याची तारीख, खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. विकलं म्हणजे पैसे आले असं नाही, आणि सूतवाल्याला रिपोर्ट दाखवून भागत नाही.

तरीही फरक उरला तर प्लॅटफॉर्मच्या सपोर्टला लिहा, पण "तुमचं नवीन पान बेकार आहे" असं लिहिलं की ठरावीक गोड उत्तर येतं. रिपोर्टचं नाव, तारखा, टाइम झोन, रिपोर्टमधला आकडा, बिलांचा आकडा आणि फरक पडणाऱ्या दोन-तीन ऑर्डरींचे नंबर द्या. स्क्रीनशॉट जोडताना गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते झाका. एका पत्रात एकच प्रश्न विचारा. दोन विचारले तर सोप्याचं उत्तर देऊन तक्रार बंद करतात.