सोलो वाजवताना कॉर्डला धरून कसं राहायचं

गिटारवर ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स (बोटांची ठरलेली मांडणी) बोटांत बसला, की बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावून सोलो सुरू होतो. बेसूर फारसं काही लागत नाही, पण थोड्या वेळात सगळं एकसुरी वाटायला लागतं. खाली ए मायनर, एफ, सी, जी अशा कॉर्ड बदलत असतात आणि वरच्या सोलोला त्याचा पत्ताच नसतो. या स्केलमध्ये ए, सी, डी, ई आणि जी एवढेच स्वर आहेत. जी कॉर्ड मेजर आहे हे ज्या बी स्वरामुळे कळतं, तो त्यात नाहीच. शिवाय जी कॉर्डवर सी धरून ठेवला, तर तो कॉर्डमधल्या बीला घासतो आणि स्वर मध्येच अडकल्यासारखा वाटतो.

म्हणून आधी प्रत्येक कॉर्डचा तिसरा स्वर, म्हणजे कॉर्डच्या नावाच्या स्वराला पहिला धरून मोजलेला तिसरा, शोधायचा. पहिला स्वर बहुतेक वेळा बास वाजवतच असतो, पाचवा मेजर आणि मायनर दोन्हींत सारखा असतो. कॉर्डचा चेहरामोहरा तिसऱ्यावर ठरतो.

हे चारही कॉर्ड गिटारच्या तीन बारीक तारांवर जवळजवळ एकाच जागी मिळतात. सर्वांत बारीक तार पहिली धरली आहे. फ्रेट तिसरी, दुसरी, पहिली तार या क्रमाने:

ए मायनर: ५-५-५
एफ: ५-६-५
सी: ५-५-३
जी: ४-३-३

ए मायनरवरून एफवर जाताना फक्त दुसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट पुढे सरकतं, बाकी हात जागेवरच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मं काम झालं. यातले तिसरे स्वर असे: ए मायनरचा सी (तिसरी तार, ५), एफचा ए (पहिली तार, ५), सीचा ई (दुसरी तार, ५), जीचा बी (तिसरी तार, ४).

मेट्रोनोम ६० वर लावा, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. पहिल्या मात्रेवर फक्त तिसरा स्वर वाजवा आणि उरलेल्या तीन मात्रा गप्प बसा. कंटाळवाणं वाटेल, पण ही पायरी गाळलेली नंतर लगेच ऐकू येते. हे न अडखळता जमलं, की चौथ्या मात्रेवर पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्या स्वराच्या एक फ्रेट मागचा स्वर घ्या. एफ येणार असेल तर पहिल्या तारेवर आधी ४, मग बरोबर पहिल्या मात्रेवर ५. तो जी शार्प स्केलबाहेरचा आहे, तरी खटकत नाही, कारण तो हलक्या मात्रेवर येतो आणि लगेच सुटतो. तोच स्वर पहिल्या मात्रेवर धरून ठेवून पाहा, फरक कळेल. मधल्या दोन मात्रांत पेंटाटॉनिक हवी तशी वापरा. ती टाकून द्यायची नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे उशिरा पोचणं. नवी कॉर्ड ऐकू आल्यावर बोट हलायला लागलं, तर पहिली मात्रा गेलेलीच असते. तिसऱ्या मात्रेलाच नजर पुढच्या फ्रेटवर हवी. जमत नसेल तर वेग ५० वर आणा. दुसरी चूक: प्रत्येक कॉर्डवर पहिला-तिसरा-पाचवा अशी चढती शिडी. स्वर सगळे बरोबर, पण ऐकायला सराव केल्यासारखं. कधी पाचव्यापासून उतरा, कधी एकच स्वर दोनदा वाजवा. आणि गिटारच्या गळ्यावरचे कॉर्डचे पाचही आकार पाठ होईपर्यंत थांबायचं तर महिने जातात. एक जागा पक्की झाली की मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या तारेवर सरका.

तपासायचं कसं? ट्रॅक इयरफोनमध्ये ऐका आणि फक्त गिटार रेकॉर्ड करा. नंतर नुसत्या सोलोवरून कॉर्ड कुठे बदलली ते ओळखता आलं पाहिजे.

ब्लूजमध्ये हे आणखी सोपं पडतं. ए सेव्हनचे तिसरा आणि सातवा स्वर, सी शार्प आणि जी, तिसऱ्या तारेवर ६ आणि दुसऱ्या तारेवर ८ इथे मिळतात. डी सेव्हनला ही जोडी एक फ्रेट मागे येते: ५ आणि ७. ई सेव्हनला ए सेव्हनपेक्षा एक फ्रेट पुढे: ७ आणि ९. आकार बदलतच नाही. बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) ब्लूजमध्ये पाचव्या बारला डी सेव्हन येते, तेव्हा जीवरून एफ शार्पवर उतरून पाहा. कॉर्ड बदलल्याचं न सांगता कळतं.

ए मायनरच्या गाण्यात ई मेजर आली तर जपून. तिचा आकार ४-५-४, त्यातला पहिल्या तारेवरचा स्वर जी शार्प. पेंटाटॉनिकमधला साधा जी तिथे रेंगाळला, तर संथ गाण्यात तो सरळ चुकीचाच वाटतो. ब्लूजमध्ये मात्र ही घासाघीस मुद्दाम केली जाते.

वेग १८० आणि दर दोन मात्रांना नवी कॉर्ड असेल, तर प्रत्येक तिसऱ्यामागे धावू नका. दोन-तीन कॉर्डमध्ये सामाईक असलेला स्वर धरा. ए मायनर, एफ आणि सी या तिन्हींत सी आहेच. उलट एकच ए मायनर दोन-तीन मिनिटं चालू असेल, तर कॉर्डचे तीन-चार स्वर लवकर संपतात. तिथे पुन्हा स्केलकडे वळायचं, बी किंवा एफ शार्पचा रंग आणायचा आणि लयीशी खेळायचं.